देव काढून ठेवल्यावर

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गावोगावी ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ नावाचा कार्यक्रम व्हायचा. मंचावर दोन डॉक्टर. एक श्रीराम लागू, नाक-कान-घशाचे सर्जन. पण लोक यायचे ते नटाला बघायला. दुसरे नरेंद्र दाभोलकर, डॉक्टरकी बाजूला ठेवून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला वाहून घेतलेले. लागू सरळ सांगायचे की देव ही कल्पना आता निवृत्त करा. दाभोलकर त्याच मंचावरून सांगायचे की आमची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देव-धर्माच्या बाबतीत तटस्थ आहे. घटनेनं प्रत्येकाला उपासनेचं स्वातंत्र्य दिलंय, आमचं भांडण देवाच्या नावानं लोकांना लुबाडणाऱ्यांशी आहे. एकाच कामासाठी घसा कोरडा करणारी दोन माणसं आणि मूळ मुद्द्यावरच मतभेद. तोही झाकून ठेवलेला नाही, लोकांपुढं मांडलेला.

माझे वडील, अण्णा, लागूंच्या बाजूचे. प्राथमिक शिक्षक होते. देव नाही हे त्यांच्या लेखी दोन अधिक दोन चार इतकं सरळ होतं आणि त्यात त्यांना कसलं धाडसही वाटायचं नाही. आई माळकरी घरातली. तिच्या माहेरी आषाढीची वारी चुकलेली नाही. लग्न झालं तेव्हा अण्णांनी तिला एवढंच सांगितलं होतं की तुझा देव्हारा तुझा, मला आरतीला बोलवायचं नाही. पुढची सगळी वर्षं दोघांनी ते पाळलं. मी अण्णांच्या वळणावर गेले. देव आहे असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तरीही माणसाला देव मानण्याची गरज आहे का, असं कुणी विचारलं की मी लगेच ‘नाही’ म्हणून मोकळी होत नाही. उत्तर ‘नाही’ असंच आहे माझं. पण त्या ‘नाही’च्या पुढं जे यायला हवं, ते आम्ही नास्तिक मंडळी बहुतेक वेळा बोलतच नाही. मला त्याबद्दल लिहायचंय.

आधी एक नेहमीचा आक्षेप बाजूला करते. देवाचं भय नसेल तर माणूस बेताल होईल, असं म्हणतात. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष सत्याग्रहाला उभे राहिले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. पुढं रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले. दगड मारणारे सगळे रामावर विश्वास असलेले होते. सतरा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, तेही जिथं ‘यारे यारे लहान थोर’ अशी हाक शतकानुशतकं दिली गेली त्या गावात. साने गुरुजी स्वतः परम श्रद्धाळू, आणि त्यांच्या विरोधात उभे राहिलेलेही श्रद्धाळूच. देव मानल्यानं माणूस चांगला होतो किंवा वाईट होतो, यातलं काहीच यातून सिद्ध होत नाही. या मुद्द्यावर मला याहून जास्त वेळ घालवायचा नाही.

खरा प्रश्न गरजेचा आहे. देव काढून घेतला तर साधी, कष्टाची, रोज संकटातून जाणारी माणसं उभी राहतात का? हा प्रश्न हवेत सोडवायचं कारण नाही. आपल्याच मुलखात तो प्रत्यक्ष जगून पाहिला गेलाय.

नाशिकचा सत्याग्रह पाच वर्षं रेंगाळला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं विचार करून, १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि पाठोपाठ लाखो लोकांना दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच अशी: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. पुढं राम-कृष्ण, मग गौरी-गणपती. आणि श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आमच्या पुस्तकी नास्तिकांच्या चर्चेत हा दिवस फारसा येत नाही याचं मला वाईट वाटतं. आगरकरांचं नाव आम्ही घेतो, र. धों. कर्व्यांचं घेतो. घेतलंच पाहिजे. पण एकट्यानं विचार करून देव सोडणं वेगळं आणि अख्ख्या वस्तीनं, अडाणी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, देव सोडणं वेगळं.

माझी एक मैत्रीण आहे, अकोल्याकडची. आम्ही एकाच शाळेत शिकवतो. तिचे आजोबा नागपूरला गेले होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देवांचे टाक, चांदीचा पातळ पत्रा उठवून केलेले, पिढ्यानपिढ्या हात लागून नाकडोळे झिजलेले, एका फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. भिंतीतली देवळी रिकामी झाली. तेलाचा काळा थर तसाच राहिला. आजीनं कितीदा सारवली तरी तो निघेना. त्या देवळीत मग पाटी-पेन्सिल ठेवायची पद्धत पडली, घरात जागाच दुसरी नव्हती म्हणून. वर बाबासाहेबांचा फोटो आला, बुद्धाचा त्याच्याही नंतर.

आजी घाबरलेली होती. गावातले लोक उघड म्हणत होते, बघा आता, मरीआई कशी कोपते ते. त्याच हिवाळ्यात घरातलं तान्हं पोर तापानं फणफणलं. आजीनं टाहो फोडला. भगताकडं जाऊ द्या, एकदा विचारून तरी येऊ द्या, म्हणून ती आजोबांच्या पाया पडली. आजोबांनी तिला एकटीला सोडून तत्त्वाची भाषणं दिली असती तर ती गेलीच असती, आणि तिचं काही चुकलंही नसतं. झालं असं की वस्तीतली आठ-दहा माणसं रात्री त्या घरात येऊन बसली. बायका आजीभोवती, गडी अंगणात शेकोटी करून. कुणी पोराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. कुणी बैलगाडीची सोय केली. पहाटे गाडी जुंपून पोर तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. ते पोर म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. पोस्टातून रिटायर झाले, आता नातवंडांना सांभाळतात.

मैत्रीण ही गोष्ट डॉक्टरच्या बाजूनं सांगते. औषधानं ताप उतरला, देवी कोपली नव्हती, हा तिचा मुद्दा. तो बरोबरच आहे. मला मात्र त्या रात्री अंगणात बसलेली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. डॉक्टर पहाटेनंतर भेटला. त्याआधीची रात्र काढायची होती. हीच रात्र एरवी देव काढून देतो. त्या घरात ती माणसांनी काढून दिली.

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झालं, दीक्षेनंतर दोन महिनेही पुरते झाले नव्हते. ज्याच्या शब्दावर देव सोडले तो माणूसच गेला. लोक परत फिरले असते तर नवल नव्हतं. काही घरांत जुने देव हळूच परतलेही असतील, माणसं आहेत शेवटी. पण समाज म्हणून ते फिरले नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांच्या पुढं होती, राज्याच्या लोकसंख्येच्या जवळपास ६ टक्के. सृष्टी निर्माण करणारा, नवसाला पावणारा देव नसलेल्या धर्मात ही माणसं जन्मतात, शिकतात, लग्नं करतात, मरतात. माणसाला देवावाचून जगताच येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा या घरांत जाऊन यावं.

हे जमलं कशामुळं? बाबासाहेबांनी नुसता देव काढला नाही म्हणून. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकमेकांच्या नात्यानं राहू लागली की धम्म टाळता येत नाही, असं त्यांनी मांडलंय. म्हणजे आभाळातल्या कुणाशी संबंध जोडून देण्यापेक्षा शेजारच्याशी संबंध कसा असावा, ही धम्माची चिंता. आणि हे पुस्तकात ठेवून भागत नाही हेही ते जाणून होते. म्हणून विहार, म्हणून वंदना, म्हणून पांढरं वस्त्र, म्हणून लग्न कसं लावायचं याची रीत. भीमजयंतीला वस्तीतलं म्हातारं माणूसही नवे कपडे घालून बाहेर पडतं. बाळ जन्मलं, मुलगी उजवली, कुणी वारलं, तर त्या दिवशी काय म्हणायचं, कुठं जमायचं, हे ठरलेलं आहे.

जोतीराव फुल्यांनाही हे नेमकं कळलं होतं. त्यांनी निर्मिक, म्हणजे सृष्टी घडवणारा, ठेवला; मधला भट काढला. पण भट काढला तर मंगलाष्टकं कोण म्हणणार? सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहितावाचून पहिलं लग्न लागलं. जोतीरावांनी स्वतः मंगलाष्टकं लिहिली, आणि ती अशी की वधू-वर एकमेकांना वचनं देतात. मृत्यूनंतर काय करावं तेही लिहून ठेवलं. एवढा मोठा लढवय्या माणूस बसून मंगलाष्टकं रचतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. माणसाच्या हातातून काही काढून घेताना त्याच्या हातात काय द्यायचं, याचा विचार त्यांनी केलेला होता.

आमचा, म्हणजे शहरातल्या सुशिक्षित नास्तिकांचा, तो राहून गेलाय. अण्णा गेले तेव्हा मला ते कळलं.

अण्णांनी देहदानाचा फॉर्म कधीच भरून ठेवला होता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, कुणी शोधत बसू नये म्हणून. खाली स्वतःच्या वळणदार मास्तरी अक्षरात: कुठलेही विधी करू नयेत. सकाळी गेले, दुपारी मिरजेच्या मेडिकल कॉलेजची गाडी आली. माझ्या भावानं कागदांवर सह्या केल्या. गाडी गेली. आणि अंगणात जमलेले चाळीसेक लोक तसेच उभे राहिले.

एरवी स्मशानातून परत आल्यावर काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आंघोळ, कडुनिंबाचं पान, दिव्याला नमस्कार. इथं स्मशानात कुणी गेलंच नव्हतं. एका काकांनी मला बाजूला घेऊन अगदी कळकळीनं विचारलं, “आता आम्ही आंघोळ करायची का गं?” मला उत्तर देता आलं नाही. माणसं चप्पल घालत, काढत, परत घालत होती. कुणाला निघवत नव्हतं आणि थांबून काय करायचं ते कळत नव्हतं. अण्णांनी स्वतःच्या देहाचा हिशोब चोख केला होता. या चाळीस माणसांच्या हातांना काय काम द्यायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी समोरच्या वहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. कडू घास. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, दुसऱ्यांनी जेवण आणायचं आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावायचे. पिठल्यात हळद नव्हती, फोडणीही नव्हती. वहिनी आईच्या शेजारी बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडापाशी धरला. आईनं मान फिरवली. वहिनींनी हात मागं घेतला नाही. तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं आईनं घास घेतला. त्यात मंत्र नव्हता, देवाचं नाव नव्हतं, आत्म्याला शांती मिळते वगैरे कसला दावाही नव्हता. सगळ्या क्रियाकर्मातली मला पटणारी, अण्णांनाही पटली असती अशी ही एकच रीत, आणि तीच सगळ्यात जास्त कामाला आली.

दहाव्याच्या आदल्या रात्री आई म्हणाली, उद्या पान ठेवायचंय. भाऊ म्हणाला, अण्णांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. आई म्हणाली, “त्यांचं तत्त्व त्यांच्या देहापुरतं. माझ्या जिवाचं काय?” मी आईच्या बाजूनं उभी राहिले आणि आजही त्याच बाजूला आहे. अण्णांचा देह अण्णांचा होता, त्यांनी सांगितलं तसं आम्ही केलं. पण त्यांच्यामागं जगायचं होतं तिला. तिच्या दुःखाला काय लागतं हे गेलेल्या माणसानं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, मग तो माणूस कितीही विवेकी असो. आम्ही दोघींनी मिळून मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, बाजरीची भाकरी केली. कुंपणाच्या भिंतीवर पान ठेवलं. कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही. आई भिंतीकडं बघत होती, मी आईकडं.

आईचा विठ्ठल काय आहे, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. पण तो पुरावा मागून खोडता येईल असा दावा नाही, एवढं कळलंय. तिनं त्याच्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती त्याला सांगते. दूध नासलं इथपासून भावाच्या नोकरीपर्यंत. कधी चिडते, दोन दिवस दिवा लावत नाही. अण्णांशी तिला हे बोलता आलं नाही, कारण अण्णा प्रत्येक गोष्टीवर उपाय सांगायचे. ज्याला काही सांगितलं तर तो मधे बोलत नाही, असं कुणीतरी तिला हवं होतं.

आणि हे तिच्या परंपरेतच आहे. दुष्काळात ज्याची बायको अन्न अन्न करत मेली, त्या तुकोबांनी ‘माझे लेखीं देव मेला’ असंही म्हटलंय, आणि ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा’ असंही. कीर्तनकार याचा अर्थ अद्वैताच्या अंगानं लावतात, तो त्यांचा अधिकार. मला त्यात देव आहे की नाही या प्रश्नाच्या पलीकडं जाऊन पोचलेला माणूस दिसतो. वारीत चालणारे एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात, तेव्हा समोरच्याचा विश्वास किती टक्के आहे हे कुणी तपासत नाही. पाय सुजले तर चोळून देतात.

म्हणून मला दाभोलकरांची भूमिका लागूंच्यापेक्षा जास्त खरी वाटते, देव नाही या बाबतीत मी लागूंच्या पंक्तीतली असूनसुद्धा. देव नाही हे सिद्ध करण्यानं आईचं काही भलं होणार नव्हतं. तिला कुणी बुवा-बाबा लुबाडत असता तर मात्र मी जिवाच्या आकांतानं मधे पडले असते. दाभोलकरांनी अठरा वर्षं ज्या कायद्यासाठी खस्ता खाल्ल्या, तो नेमका तेवढंच करतो. नरबळी, करणी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, असल्या गोष्टींना तो हात घालतो. कुणाच्या देव्हाऱ्याला नाही. तो विधिमंडळात मंजूर झाला डिसेंबर २०१३ मध्ये. त्याआधी, २० ऑगस्टला, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते सकाळी त्या पुलावर जमत राहिले. गाणी म्हणत, घोषणा देत. देव न मानणारी, आत्मा न मानणारी माणसं. एक ठरलेली तारीख, एक ठरलेली जागा, सगळ्यांना पाठ असलेली गाणी. त्यांनाही हे लागलंच. लागणारच. त्यात त्यांच्या विवेकाचा काही पराभव नाही, उलट तो विवेक आता माणसांत मुरला असं मी म्हणेन.

अण्णांच्या नंतर आमच्या इथल्या देहदान केलेल्या काही घरांशी माझं जाणं-येणं वाढलं. सगळ्यांचा अनुभव थोड्याफार फरकानं तोच: गाडी जाते आणि अंगण तसंच उभं राहतं. मग आम्ही काही जणींनी ठरवलं की फॉर्म भरून घेतो तसंच पुढचंही आपणच करायचं. गाडी येण्याआधी गेलेल्या माणसाच्या हातचं एखादं पत्र, वही, काहीतरी मोठ्यानं वाचायचं. ते ज्याला वाचता येईल त्यानं वाचायचं, रडू आलं तर दुसऱ्यानं पुढं वाचायचं. आलेल्या प्रत्येकानं घरच्यांच्या हातात हात देऊन मगच निघायचं. आणि संध्याकाळचं पिठलं कुणी न्यायचं ते दुपारीच ठरवायचं.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिला बरं वाटलं. थोडा वेळ माळ ओढत बसली आणि मग तिनं विचारलं, “पहिल्या दिवशी सगळेच येतात गं. आपल्यात दहावं असतं, बारावं असतं, महिना असतो, वर्षश्राद्ध असतं, म्हणून लोक परत परत येतात. तुमच्यात तेही नाही. मग तिसऱ्या महिन्यात त्या बाईकडं कोण जाणार?”

आम्ही आता कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात ज्यांचे यजमान गेले त्या बाईंकडं या महिन्यात माझी पाळी आहे. आईही येते म्हणालीय.